फोन उचला, पण बोलू नका

माझ्या धाकट्या भावाला सोमालियाच्या समुद्रात चाच्यांनी धरलं होतं, असं सांगितलं की नंदुरबारमध्ये लोक आधी हसतात. चाचे म्हणजे एका डोळ्यावर पट्टी नि खांद्यावर पोपट, एवढंच त्यांना ठाऊक. माझ्या शाळेतल्या एका सरांनी तर स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "मंग मॅडम, खजिना सापडना का?" मी चहाचा कप टेबलावर आपटला आणि पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही.

भाऊ मालवाहू जहाजावर फिटर होता, इंजिन रूममध्ये. चाचे शिडी लावून चढले तेव्हा सगळे खलाशी, शिकवलं होतं तसे, तळाच्या खोलीत शिरले, आतून लोखंडी दार लावलं आणि वायरलेसवर मदत मागितली. खलाशी दाराआड आहेत तोवर त्यांना गोळी लागायची भीती कमी, म्हणून नौदलाने तेवढ्यात चढायचं, अशी रीत आहे. एका परक्या देशाची युद्धनौका आलीसुद्धा. आली आणि थांबली. जहाजाचा मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा. परवानगी कुणाची घ्यायची यावर कागद फिरत राहिले. दीड दिवसाने चाच्यांनी हवेच्या झडपेत रबर पेटवून धूर सोडला आणि सगळे खोकत बाहेर आले. मग कंपनीचा ईमेल आला: नौदल परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे. नुसतं लक्ष ठेवायला आमच्याकडे शेतात बुजगावणं उभं करतात. त्याला कुणी तोफा लावत नाही.

घरात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून कंपनीकडे माझाच नंबर होता. मुंबईच्या ऑफिसातल्या साहेबाने मला बजावलं, "चाचे घरच्यांना फोन लावून देतात, रडवतात. तुम्ही फोन उचला, पण बोलू नका. 'कंपनीशी बोला' एवढंच म्हणा आणि ठेवा. तुम्ही जितकं ऐकाल, तितके त्याचे दिवस वाढतील." मी हो म्हणाले. शिक्षिका आहे मी, वरून आलेली सूचना पाळायची सवय अंगात मुरलेली.

फोन आला तो रविवार होता. मी रनाळ्याला, गावी मायकडे गेले होते. अंगणात दोघी वाळलेल्या मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो. दुपारी फोन वाजला, लांबलचक परदेशी नंबर.

"ताई, मी शे. आयक, आठ जण शेतस, दुपारले..."

भाऊ आमच्या अहिराणीत भरभर बोलत होता. मी इंग्रजीत म्हणाले, कंपनीशी बोला. आणि फोन ठेवला.

"कोन व्हतं वं?" मायने विचारलं.

"कोनी नही."

मिरचीचे हात, डोळे पुसायचीही सोय नव्हती.

सात महिन्यांनी कंपनीचं आणि चाच्यांचं खंडणीचं काय ते जमलं आणि भाऊ घरी आला. हाडांचा सापळा झाला होता. एकदा जेवताना आपणहून बोलला.

"आठच जण व्हतात. दुपारले नशाना पाला चघळीसन बठ्ठा लोळेत, पहाराले एकच जागा ऱ्हाये. अहिरानी त्यासले समजाव नही, म्हनीसन तुले सरळ सांगी ऱ्हायना व्हतू. तू आयकंच नही."

मला रागच आला. "आयकीसन कोनले सांगतू मी?"

"माले काय माहीत? शिकेल तू शे." मग भाकरी मोडत म्हणाला, "त्या फोननंतर पंधरा दिवसमा आमना म्हातारा आचारी मरना. दवाई नही भेटनी."

कुणाला सांगणार होते मी? हा राग अजून जात नाही. फोन आला तेव्हा ती युद्धनौका तिथेच उभी होती. खलाशी चाच्यांच्या हाती लागल्यावर चढायचं तर आत चाचे किती, कधी झोपतात, हे कळायला हवं; तेच तिला कळत नव्हतं, आणि ते माझ्या फोनवर आलं होतं. पण घरच्यांच्या कानावर काय पडलं, हे विचारायला कुणी माणूस नेमलेला नाही. आम्ही फक्त रडणारे. मी जिथे पत्ता मिळाला तिथे लिहिलं: झेंडा ज्या देशाचा त्याची परवानगी आधीच घेऊन ठेवा, दार बंद आहे तोवर चढा, खलाशांच्या घरच्यांशी बोला. आणि इतर वेळी पकडलेल्या चाच्यांना खटल्याची कटकट नको म्हणून पाणी-डिझेल देऊन परत सोडता, ते तरी बंद करा, लाज वाटू द्या! सगळीकडून एकच उत्तर: आपला मेल मिळाला.

भाऊ माझ्यावर कधी ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते, मोकळी झाले असते. आता तो रनाळ्यातच विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतो. मला काही सांगायचं असलं तर बस धरून नंदुरबारला येतो, ओट्यावर बसतो, सांगतो आणि परत जातो. मला फोन करत नाही.