लुम्तुरीचं अर्धं वाक्य

अल्बेनियातल्या दुर्रेस शहरात, आमच्या इमारतीत, लुम्तुरी इटालियन शिकली ती इटलीच्या टीव्हीसमोर, परदेशी कार्यक्रमांवर सरकारी बंदी होती त्या काळात, आवाज बारीक करून. शेजारी भोवती बसायचे आणि पडद्यावरचं भांडण ती अल्बेनियनमध्ये सांगायची. टीव्हीला ऐकू येत नाही, त्यामुळे तिची चूक कधी कोणी काढली नाही. इमारतीत तिच्या इटालियनला मान होता.

पुढे बुटांच्या कारखान्यात चामडं शिवून शिवून पंचावन्नाव्या वर्षी तिचे डोळे थकले. सुई दिसेना. इटलीतल्या गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या एका कंपनीत जागा निघाल्या होत्या. आधी वर्ग, मग बोलण्याची परीक्षा. ती जागा तिला मिळायलाच हवी होती. शिकवायला गेंतियान, आमच्याच इमारतीतला, लहानपणी तिच्या घरी कार्टून बघत बसणारा.

पहिल्याच दिवशी त्याने तिला दर वाक्याला थांबवलं. बाकी वर्ग विशीतल्या पोरींचा. संध्याकाळी तिने त्याला जिन्यात गाठलं.

"गेंतियान, मी तुला भरवलंय. चारचौघींत मला अडवत जाऊ नकोस."

"मावशी, गिऱ्हाईक अडवणारसुद्धा नाही. सरळ फोन ठेवील."

"ठेवू दे. पण माझं वाक्य तरी पुरं होऊ दे. मग काढ चुका, हव्या तेवढ्या."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांनाच विचारलं. ब्रिकेना नावाची पोरगी म्हणाली, "मला तिथल्या तिथे पकडा, सर. नंतर सांगितलंत तर मी काय बोलले तेच आठवत नाही." तिच्या शेजारची म्हणाली, "मला तर पकडूच नका." प्रत्येकीला वेगळं हवं होतं, आणि गेंतियान आळशी, त्याने आपली जुनीच रीत चालू ठेवली.

लुम्तुरी मग दोन शब्द बोलायची नि त्याच्या भुवईकडे बघायची. भुवई हलली की गप्प. माझ्याकडे कॉफीला आली तरी अल्बेनियनसुद्धा जपून बोलायला लागली.

"अगं, अशाने फोनवर तुझा नुसता श्वास ऐकू येईल," मी म्हटलं.

"चुकीचं बोलण्यापेक्षा बरा."

मला राग आला. गेंतियान भेटला तेव्हा त्यालाही सुनावलं, "दुरुस्त करता करता बाईला मुकी केलीस तू."

परीक्षेचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि ते जुळलं. फोनवर मिलानची एक बाई चिडलेलं गिऱ्हाईक बनून बिलावरून ओरडत होती. गेंतियान समोर बसलेला. त्याला बोलायची मुभा नव्हती. लुम्तुरीने वाक्य सुरू केलं, त्याच्याकडे पाहिलं आणि थांबली.

"ऐकताय ना?" पलीकडून आलं.

पुन्हा तेच झालं. तेव्हा गेंतियान उठला, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मग ती बोलली. चुकत, सावरत, टीव्हीवरच्या निवेदिकेसारखे हात नाचवत तिने त्या बाईला बिल शेवटपर्यंत समजावलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "फीर इकडे. आता काढ."

त्याने एकेक चूक काढली. तिने सगळ्या ऐकून घेतल्या, एकीवर तेवढा वाद घातला.

जागा मिळाली. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची लाइन दिलीय तिला. ते मधेच तोडतात, ओरडतात, बिलं हरवतात. पण तिच्या इटालियनच्या चुका काढायला त्यातलं कोणी फोन करत नाही.