बाहेरची काच

माझ्या मुलीच्या मोटरसायकलची विंडस्क्रीन मी खराब केली. आरसे पुसायचा निळा स्प्रे मारला, पेपर टॉवेलने घासली आणि गाडी उन्हात ठेवली. ती काच नसून प्लास्टिक असतं आणि त्याला तो स्प्रे चालत नाही, हे कळेपर्यंत तिच्यावर दूध सांडल्यासारखा पांढुरका डाग पडला होता, कडेला बारीक तडे गेले होते.

मुलगी कामासाठी बाहेरगावी गेली होती, गाडी इथे अमेरिकेत, आमच्या बॉथेलच्या घराच्या गॅरेजमध्ये होती. तिने ती माझ्या मनाविरुद्ध घेतली तेव्हा मी कितीतरी दिवस तिच्याशी धड बोललो नव्हतो. पुसायला गेलो तो खरं तर समेट म्हणून.

ओरिजिनल काच तिच्या येण्याआधी मिळणार नव्हती. बाहेरची, म्हणजे दुसऱ्या कंपनीची, जास्त उंच, लगेच मिळत होती. चांगली कोणती? इंटरनेटवर एकजण म्हणे, हायवेवर स्वर्ग. दुसरा म्हणे, डोकं मिक्सरमध्ये घातल्यासारखं वाटतं. दोघांची काच तीच! मी गाडीवर बसलो, समोर टेबलफॅन लावून पाहिला. काही कळलं नाही. उंच म्हणजे आडोसा जास्त, असं ठरवून बसवली. जुनी बर्फ उपसायच्या फावड्यामागे लपवली.

"बाबा, यू गॉट धिस फॉर मी?" मुलगी गळ्यातच पडली.

मी हो म्हणालो.

"जुनी कुठे आहे?"

"फेकली."

पहिल्याच फेरीहून ती उतरलेल्या चेहऱ्याने परतली. हायवेवर डोकं नुसतं हलत होतं म्हणाली.

"इतक्यात विसरलीस गाडी?" बायकोने टोमणा मारला.

मुलगी हसली. पण पुढच्या फेऱ्यांतही तेच. शेवटी जेवताना म्हणाली, "आय थिंक इट्स मी, बाबा. भीती वाटायला लागलीय. विकून टाकते."

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "घ्या, पावला तुमचा देव."

जेवण झाल्यावर मी इंटरनेटवर पुन्हा वाचत बसलो. उंच काचेच्या कडेवरून घुसळलेला वारा कधी कधी नेमका हेल्मेटवर आदळतो म्हणे. पण सगळ्यांना नाही, चालवणाऱ्याच्या उंचीवर अवलंबून. म्हणजे दोष काचेचा की खरंच तिचा? आणि मी गप्प होतो तो लाजेने, की गाडी जावी म्हणून? ते आजही मला नीट सांगता येत नाही.

शनिवारी ती ड्राइव्हवेमध्ये जाहिरातीसाठी गाडीचे फोटो काढत होती.

"बाबा, सरका ना, सावली पडतेय."

मी सरकलो, गॅरेजमध्ये गेलो आणि जुनी काच घेऊन आलो. तिने ती उजेडात धरली.

"हे काय झालं हिला?"

"मी केलं. चुकीच्या स्प्रेने पुसली. ते झाकायला नवी बसवली, भेट नव्हती ती. डोकं कदाचित तिच्यामुळेच हलत असेल, मला नक्की माहीत नाही. पण तू स्वतःला दोष देत होतीस आणि मी ऐकत बसलो. गाडी जाईल म्हणून थोडं बरंही वाटलं मला. चुकलो, बाळा. माफ कर मला."