रॉकेटच्या पैशांबद्दलचा ठराव

शहापूर तालुक्यात, सापगावच्या अलीकडच्या एका खेड्यात मी सहा वर्षं ग्रामसेवक होतो. रस्ता, पाणी, घरपट्टी, स्मशानभूमीचे पत्रे असे ठराव लिहून हात सरावला होता. एका ठरावाला मात्र मला पाऊण तास लागला.

तो मांडला काकीनं. सगळं गाव तिला काकीच म्हणायचं. ग्रामपंचायत कार्यालयासमोर तिचं घर. नवरा वारलेला, थोडी भातशेती, आणि एकुलती एक मुलगी. मुलगी कल्याणला नर्सिंग शिकली आणि पश्चिम आशियातल्या एका देशात नोकरीला लागली. त्या वर्षी तिकडे लढाई पेटली. एका अतिरेकी संघटनेची रॉकेटं तिच्या शहरावर पडायला लागली. मुलगी दवाखान्याच्या तळघरातून व्हिडिओ कॉल करायची. काकी कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून बोलायची, आणि भिंती हादरल्याचं ऐकूनसुद्धा आधी विचारायची, “जेवलीस का गो?”

मेमधल्या ग्रामसभेत विषय संपले आणि मी नियमाप्रमाणे विचारलं, “आयत्या वेळचा काही विषय?” एरवी यावर लोक चपला शोधू लागतात. काकी बायकांमधून उठली.

“भाऊसाहेब, ती रॉकेटं फुकट मिळतात का?”

सभेत हशा पिकला.

“हसू नका रे. इकत आणत असतील ना? मंग पैसे कोन देतं?”

मी म्हटलं, “काकी, काही सरकारं देतात, काही पैसेवाले चोरून देतात, असं बातम्यांत सांगतात.”

“मंग त्यांना लिवा. देऊ नका म्हनावं.”

आता कोणी हसलं नाही. भातसानगरच्या धरण कार्यालयातून निवृत्त झालेले एक कारकून होते, ते म्हणाले, “परराष्ट्राचं धोरण दिल्ली ठरवते. आपल्याला अधिकार नाय.”

सरपंचताई लगेच म्हणाल्या, “एस्टीचा थांबा तरी कुठं आपल्या अधिकारात हाय? तरी दरवर्षी ठराव करतोच ना आपुन?”

मग लिहायला बसलो. आदेश देता येत नव्हता, म्हणून ‘केंद्र शासनास विनंती’ असं घेतलं. कारकूनसाहेब नको नको म्हणता म्हणता माझ्या शेजारी येऊन बसले आणि ‘अतिरेकी संघटनांचा अर्थपुरवठा’ असे शब्द सुचवू लागले.

“म्हंजे काय?” काकीनं विचारलं.

“पैसा.”

“मंग पैसाच लिवा. वाचनाऱ्याला कळू द्या.”

मुलीच्या शहराचं नाव काकीला विचारून घातलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. काकी म्हणाली, “पलीकडच्या बाजूला पन कुनाची तरी पोर नर्स आसंल. लढाई दोनीकडची थांबवा, असं बी घाला.” तेही घातलं. सूचक म्हणून काकीचं नाव आणि अंगठा. अनुमोदनाला हात वर झाला तो कारकूनसाहेबांचा.

शहापूरला पंचायत समितीत जाऊन वरिष्ठांच्या टेबलावर ठरावाची प्रत ठेवली. साहेबांनी चष्मा वर केला. “अहो, तुमच्या गावाचं कोण ऐकणार?”

“साहेब, बंधनकारक काही नाही. नुसतं म्हणणं आहे.”

त्यांनी ठराव पुन्हा वाचला आणि वर पाठवायला सही केली. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: ठराव मिळाला, योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवला आहे. असली ओळ मी स्वतः कितीदा लिहिली होती. ती कुठे जाते ते मला ठाऊक होतं. काकीनं मात्र माझ्याकडून ती तीनदा वाचून घेतली.

“म्हंजे पैसे थांबले?”

“नाही काकी. पण आपलं म्हणणं पोचलं.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि भाताच्या लावणीला निघून गेली.

पुढे तिकडची लढाई थांबली. आमच्या कागदामुळे नव्हे, हे काकीलाही कळत होतं. दिवाळीत मुलगी रजेवर आली आणि खजुराचं खोकं घेऊन कार्यालयात शिरली. तिला ठराव बघायचा होता. मी इतिवृत्ताची वही काढून दिली. सावकाश, ओळीवर बोट ठेवून तिनं तो वाचला. आईच्या अंगठ्यापाशी तिचं बोट थांबलं. डोळे पुसून ती हसली.

“भाऊसाहेब, आमच्या शहराचं नाव चुकलंय.”

सरपंचताईंना बोलावून मी रीतसर दुरुस्ती केली आणि आम्ही दोघांनी त्या दुरुस्तीखाली सह्या केल्या.