रेच्यांवर जोखलेली मोटार

“रिकामं कुणीबी पळतंय. वझं लावा, मंग बोला!” असं म्हणून आप्पा हात झटकायचे.

मानवतच्या एका कापसाच्या जिनात ते इंजिनाचे मिस्त्री होते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, डोक्याला पांढराशुभ्र पटका. त्यावर तेलाचा डाग पडला, तर दिवसभर सगळ्यांना शिव्या. नम्रपणाची भानगडच नव्हती. “मानवतात इंजिन कळणारा येकच हाय,” म्हणून आपल्याच छातीवर बोट ठेवायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. राग यावा, तर मेलं त्यांचंच खरं निघतं!

लेकीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी सरकीचं पोतं माडीवर न्यायला लावलं. पोरगा नेऊन आला, घाम पुसून हसला. “हसला म्हंजी टिकंल,” म्हणून आप्पांनी तिथंच सुपारी फोडली.

त्या निजामी अमदानीत मी वालूरकडच्या एका देशमुखांचा ड्रायव्हर होतो. मोटार शर्यतीची, लाल, उघडी, दोघांपुरती. देशमुख सरकारांनी सिकंदराबादेहून एका गोऱ्या साहेबाकडून हौसेनं आणलेली. उभी असली की वाघासारखी गुरगुरायची आणि मानवतजवळच्या ओढ्याचा चढ आला की मान टाकायची. मग बैल जुंपून वर ओढायची. लोक टाळ्या पिटायचे. शेवटी सरकार चिडले. “आता येकदा जरी बैल लागले, तर मोटार इकून टाकीन. आन् तू आउताला लाग.”

माझी झोप उडाली. मोटार घेऊन जिनात गेलो आणि ऐटीत इंजिन घुमवलं. सरकी काढायच्या रेच्यांवर कापूस घालणाऱ्या बाया म्हणाल्या, “अगं बाई, काय जोर हाय!”

आप्पांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “रिकामं हाय म्हणून गुरगुरायलंय.”

मग त्यांनी जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. मोटारीचं मागचं एक चाक उचलून टायर काढला, बाकीच्या चाकांना दगड लावले. उघड्या चाकावर पट्टा चढवून तो जिनाच्या लांब दांड्याला जोडला. एरवी जिनाचं इंजिन फिरवायचं तोच दांडा, आणि त्यावरच रेच्यांची सगळी रांग चालायची.

“बायांनो, घाला कापूस!”

एक रेचा चालला, दुसरा चालला. तिसऱ्याला मोटार खोकली आणि बंद पडली.

“तीन रेच्यांचा बी दम न्हाई,” आप्पा आनंदानं म्हणाले.

पेट्रोलची नळी साफ केली, परत ओझं लावलं, पाच चालले. मी म्हटलं, ठिणगीची वेळही बघून टाका की. “येका वक्ताला येकच! दोन केले तर कशानं झालं ते कसं कळावं?” नंतर ठिणगीची वेळ फिरवली, तर दोनच रेच्यांना इंजिन मेलं. बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. आप्पा मात्र थंड. “उलटं फिरवलं. बरं झालं, आता सुलटं कळलं.”

सुलटं फिरवलं. सहा, सात, आठ... मी पाण्याच्या घागरी ओततोय, रेडिएटर वाफा सोडतोय, आणि शेवटच्या रेच्याचा पट्टा चढला तेव्हा सगळी रांग धडधडायला लागली. बायांनी मूठमूठ कापूस उधळला. मी तर अक्षरशः नाचलो!

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या चढावर सरकार जू घातलेले बैल घेऊनच उभे. आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले.

“तुमी कशाला?”

“वझं म्हणून.”

एका दमात वर! आप्पांचा पटका सुटून मागं फडफडत होता आणि ते ओरडत होते, “सरकार, बैल सोडा! चरू द्या त्यांना!” ती मोटार पुढं कितीतरी वर्षं माझ्याच हातात राहिली.

आप्पा गेले तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसवूनच, खांद्यावरच्या विमानात नेलं. वाट त्याच ओढ्यावरून. चढ लागला तसं कुणीतरी मागून म्हणालं, “ड्रायव्हरसाब, दमलाव तुमी. खांदा बदला.”

पुढच्या खांद्याला त्यांचा तोच पोतंवाला जावई होता. तो मागं वळून माझ्याकडे बघून डोळे पुसत हसला.

“न्हाई,” मी म्हटलं, “आप्पा बसलेत. वर जाऊ द्या.”

आणि जावई नि मी, दोघंही खांदा न बदलता एका दमात वर गेलो.