चांदण्यांचा वाडगा आणि माझा खुलासा

ही फजिती मी सांगणार नव्हतो. पण निम्म्या दौंडला ती कळलीच आहे, तेव्हा उरलेल्यांनी तरी माझ्या तोंडून ऐकावी.

मला जुन्या अमेरिकन काचभांड्यांचा नाद आहे. वितळलेली काच लोखंडी साच्यात दाबून केलेली, शंभरेक वर्षांपूर्वीची भांडी. हसू नका. शिरूरच्या एका भंगारवाल्याकडं मिळालेला चांदण्यांच्या नक्षीचा वाडगा म्हणजे तर माझा जीव की प्राण.

दिवाळीनंतर एका सकाळी पाहतो, तर कपाटातून वाडगा गायब. बायको वरवंडला बहिणीकडं गेलेली, फोन उचलेना. दुपारी शेजारच्या सलीममामांकडं चहाला गेलो, तर टेबलावर तोच वाडगा. आत लिंबं.

मामा रेल्वेतले निवृत्त गार्ड. वीस वर्षांचा शेजार. ईदला त्यांचा शीरखुर्मा आमच्याकडं, दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडं. म्हणजे बायकोनं फराळ यातच पाठवला आणि यांनी भांडं ठेवून घेतलं. तीस वर्षं भल्याभल्यांना धारेवर धरणारा बातमीदार मी, गप्प कसा बसेन?

"मामी, हा वाडगा कुठून आला?"

"सासूबाईंचा हाय. इथल्या रेल्वेच्या गोऱ्या ड्रायव्हरच्या मडमेनं विलायतेला जाताना दिल्ता."

"पुरावा?"

"आता वाडग्याचं आधार कार्ड काढू व्हय?"

मी वाडगा उपडा केला. लिंबं घरभर. "या बघा, साच्याच्या तीन शिवणी, जोडाच्या रेघा. माझ्या वाडग्यालाही तीनच आहेत."

एका साच्यातून हजारो भांडी निघतात आणि सगळ्यांना तेवढ्याच शिवणी असतात, हे सगळ्या बिल्डिंगला मीच शिकवलेलं. पण रागात ज्ञान कुठं आठवतं? गॅलरीत येऊन, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, मी शेजारधर्मावर अग्रलेख झोडला.

मामा एवढंच म्हणाले, "न्या. वीस वर्सं भांडलो न्हाई, आता लिंबाच्या भांड्यावरनं काय भांडायचं. पण परत चहाला येऊ नका."

वाडगा घेऊनच मी घरी आलो. संध्याकाळी बायको आली. "हा दुसरा कुठून आणलात?"

"दुसरा?"

तिनं फ्रीज उघडला. माझा जीव की प्राण खालच्या कप्प्यात, दह्यानं भरलेला. लोकांची कपाटं धुंडाळण्यात आयुष्य गेलं. घरचा फ्रीज काही उघडला नव्हता.

तिनं मामांच्या वाडग्यात चिवडा भरला. "मोकळं भांडं परत देऊ नये. जा, आणि नीट बोला."

मामांनी दार उघडलं, मामींनी वाट अडवली. "तोंडी माफी न्हाई चालायची. लेखी खुलासा द्या. आन् जिथं बोंबललात तिथंच वाचा."

मी उंबऱ्यावर बसून लिहिलं, 'सूत्रांच्या माहितीवरून गैरसमज झाला.'

मामींनी चष्मा लावला. "ह्ये सूत्र कोण?"

"मीच."

"आन् गैरसमज कुणाचा झाला?"

"माझाच."

"मग तसं ल्ह्या."

लिहिलं. गॅलरीत उभं राहून वाचलं. वरच्या मजल्यावरचेही वाकून ऐकत होते.

"नाव ऱ्हायलं," मामी आतून म्हणाल्या. "बातमीवर तर एवढं मोठं टाकता."

नावही वाचलं. तेवढ्यात मामांनी चिवड्याचा मोठा बकाणा भरला आणि चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. बकाणा हसू लपवायला भरला, असं विश्वसनीय सूत्रांकडून समजतं.