नलूआत्या आणि माझी पांढरी टेप

गाडीत बसलं की नलूआत्या आधी ब्रेकवर पाय दाबून धरायच्या आणि गाडीला म्हणायच्या, "हं, श्वास धरा." पेडल खाली सरकत नाही याची खात्री झाली की म्हणायच्या, "सोडा आता." मग किल्ली फिरायची. सगळी नोकरी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून केलेली बाई. समोर येईल तो त्यांच्या लेखी पेशंटच होता. मीही होतो. फरक एवढाच, की त्यांच्या मते माझ्यावर इलाज नव्हता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. निवृत्तीनंतर ढोकीजवळ शेतातल्या घरात एकट्याच राहायच्या. त्यांची जुनी लाल गाडी तेवढी सोबतीला. मुलगा सतीश पुण्याला, आणि त्याचं एकच पालुपद, "आई, आता गाडी विकून टाक." आत्या उसळायच्या, "म्हंजी उद्या मीठ आणायलाबी मी लोकांच्या तोंडाकडं बघत बसू व्हय?"

माझं कळंबला नळ-पाइपांचं दुकान. पाइपाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली की पाण्याची गळती थांबते, एवढ्या एका ज्ञानाच्या जोरावर मी गल्ल्यावर बसून कुणालाही कशावरही सल्ला देतो. त्यामुळं "पुढच्या चाकापाशी ब्रेकचं तेल पाझरतंय रे" असा आत्यांचा फोन आला, तेव्हा मला मनातून आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी सतीश बायकोला घेऊन येणार होता. गाडी स्वतः चालवून बघणार आणि काही खोट निघाली तर विकूनच जाणार, असं त्यानं बजावलं होतं. ढोकीचा मिस्त्री तर साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांखालून बाहेर यायला तयार नव्हता. म्हणजे आत्यांची गाडी वाचवणारा पृथ्वीतलावर मी एकटाच उरलो होतो.

मी गेलो. ब्रेकच्या पाइपाचा नट सोडवला, आट्यांवर टेप गुंडाळली, वरून दुकानातला गळती थांबवायचा लेप फासला आणि पान्याला जवळजवळ लोंबकळून नट आवळला. तेल भरलं. "आता जन्मात गळणार नाही," असं जाहीर केलं आणि चहा मागितला.

चहा ठेवायच्या आधी आत्या गाडीत बसल्या. "हं, श्वास धरा." पेडल सावकाश खाली जाऊ लागलं आणि इकडं माझ्या टेपेच्या कडेनं तेलाचा थेंब डोकावला.

"काढ ते."

"आणखी दोन वेढे देतो ना, आत्या."

"काढ म्हणते ना!"

काढलं. लेप तेलात विरघळून चिकट झाला होता आणि टेपेची एक चिंधी पाइपाच्या तोंडाशी लोंबत होती. आत्यांनी चष्मा चढवून पाइपाचं ते कर्ण्यासारखं फुलवलेलं तोंड उजेडात धरलं.

"ह्या तोंडालाच चीर गेलीय बघ. तेल हितं अडतंय, आट्यात न्हाय. आटे ह्या तोंडाला नुसते दाबून धरतेत. शिरेतनं सुई निघाली तर वरनं चिकटपट्ट्या लावून सलाइन चालतंय का रे? आन् ही चिंधी आत जाऊन अडकली असती म्हंजी? लई शाना हायस."

एवढ्यावर गप्प बसेन तर तो मी कसला! म्हणालो, "तेल भरून ठेवू, आत्या. सतीश गावातच एक चक्कर मारणार. तेवढं निभावेल. त्याला काय कळतंय?"

आत्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "त्याची बायको दोन जीवांची हाय. गाडीत तीबी बसणार. गाडी गेली तर जाऊ दे." मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सतीश दारात येताच त्यांनी सांगून टाकलं, "ब्रेक गळतोय. आज गाडी निघणार न्हाय. विकायची तर वीक." सतीश मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, हट्टापायी आई धोका झाकून ठेवेल, याचीच मला भीती होती. राहू दे गाडी." मी मान डोलावली. झाकून ठेवायचा सल्ला कुणाचा होता, हे सांगायची गरज मला वाटली नाही.

दोन दिवसांनी मिस्त्रीनं नवा पाइप टाकला, ब्रेकमधली हवा काढली आणि माझी टेप चिमटीत धरून तिथल्या सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना दाखवली.

आत्यांना जाऊन आता वर्ष होईल. त्याआधी एकदा त्या दुकानात आल्या, त्याही एसटीनं. मूठ घट्ट मिटलेली.

"परवा रस्त्यात म्हैस आली. मला दिसलीच न्हाय. तिला मी दिसले म्हणून बरं."

"सोलापूरला डोळे दाखवू ना, आत्या."

"दाखवले. आता ह्याच्याउपर सुधारायचे न्हाईत. सतीशला फोन लाव. किल्ली त्यानं मागायच्या आत मला द्यायचीय."

मी फोन लावून दिला. त्या अगदी शांतपणे बोलल्या. सुनेची, नातीची चौकशीही केली. फोन ठेवल्यावर मात्र मूठ लवकर उघडेना. शेवटी त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि "पाणी दे रे," म्हणाल्या.

मी पाणी दिलं. द्यायला सल्ला नव्हता.