निशाणी डावा अंगठा

ती घटना आठवली की अजूनही माझी मान ताठ होते. आता मी पोलीस सेवेत नाही. तेव्हा शहराबाहेरच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते.

एका सरकारी कार्यालयातल्या अभियंत्यानं फिर्याद दिली होती. चितेगावच्या पुढच्या एका गावात कागदोपत्री पूर्ण झालेली पाइपलाइन प्रत्यक्षात टाकलेलीच नाही, असा व्हिडिओ एका वर्तमानपत्रानं वेबसाइटवर टाकला होता. रस्त्यात खोदलेल्या चरात नुसता मुरूम, पाइप नाहीच. अभियंत्याचं म्हणणं, व्हिडिओ एआयनं बनवलेला आहे. पुरावा म्हणून त्यानं काम पूर्ण झाल्याचा पंचनामा जोडला होता.

वरिष्ठांनी तोंडी सांगितलं, "बातमीदाराचा फोन जप्त करा. कार्यालयातून माहिती कुणी फोडली, ते नाव पाहिजे." मी लेखी आदेश मागितला, तर साहेब दुसऱ्याच विषयावर बोलू लागले.

नोटीस मिळताच बातमीदार हजर झाला. मी मुळात कमी बोलते. चौकशीत त्याचा उपयोग होतो. शांतता सोसवत नाही म्हणून माणसं बोलून जातात. हा बोलला नाही. फोन टेबलावर पालथा ठेवून त्यावर हात ठेवून बसला.

"नाव सांग, मोकळा होशील," हवालदारकाका म्हणाले.

"मी मोकळा व्हईन, काका. त्याची नोकरी जाईल."

"मग फोन दे."

"लेखी हुकूम दाखवा, देतो. मॅडम, व्हिडिओ खोटा वाटतोय ना? चला, आत्ता खोदू."

खोदायला त्याच कार्यालयाची परवानगी लागणार होती.

त्याला बसवून मी पंचनामा पुन्हा वाचला. दुसऱ्या पंचाच्या नावापुढं 'नि.डा.अं.' आणि निळा ठसा. नोकरीत मी नवी, त्यात शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं.

"काका, ही कुठली डिग्री?"

काका खो खो हसले. "डिग्री नाय मॅडम! निशाणी डावा अंगठा. सही येत नसली की..." नाव वाचून ते थबकले. "अहो, हे तर मास्तर! माझ्या मेव्हण्याला यांनीच शिकवलं."

आम्ही गावात गेलो. निवृत्त मास्तर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. पंचनामा पाहून त्यांनी चष्मा काढला.

"या अल्ला! जिंदगीभर पोरांची अक्षरं गिरवून घेतली, अन् मला अंगठेबहाद्दर केलं? ह्या कागदाला मी हात लावला नाय."

काका जबाब लिहू लागले तसं मास्तरांनी पेन ओढून घेतलं. "लाओ इधर. तुमचं अक्षर बघवत नाय." खाली मराठीत आणि उर्दूत सही केली. मग अंगठा पुढं केला. "आता घ्या ठसा. जुळतो का बघा."

जुळला नाही. बनावट पंचनाम्यावर गुन्हा दाखल झाला, न्यायालयाच्या आदेशानं रस्ता पुन्हा खोदला गेला. मुरूमच निघाला.

मी अहवाल ठेवला तेव्हा साहेबांनी विचारलं, "ते नाव काढलं का? माहिती कुणी फोडली?"

"हो सर. फिर्यादीनंच. तो पंचनामा त्यांनीच आणून दिला."

साहेबांनी अहवाल ओढून पहिलं पान उघडलं.

बातमी खरी की खोटी, हे तपासणं पोलिसांचं काम. ती कुणी दिली, हे शोधायची घाई बातमीनं उघडे पडलेल्यांना असते. त्यांच्यासाठी आपण ते करायचं नाही. बातमीदार आपला फोन घेऊन गेला. ते नाव मला आजही माहीत नाही. कधी त्या कार्यालयात जावं लागलं, तर मी तिथं कुणाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत नाही.